रेषेवरचे दाजी

पहिल्याच खेपेला पास झाली अशी एकही वस्तू आमच्या दाजींच्या आयुष्यात आलेली नाही, आणि माणूस तर नाहीच नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. भोसरीतले जुने गाववाले. गावाला लागूनच असलेल्या एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर क्वालिटी इन्स्पेक्टरची नोकरी केली. बाहेरून आलेला माल आधी त्यांच्या टेबलावर यायचा. त्यांनी हिरवा टॅग लावला तर तो पुढं लाइनवर जायचा आणि लाल लावला तर आल्या पावली परत. रिटायर झाल्यावर टेबल गेलं, टॅग गेले, पण नजर काही कुणी कंपनीत जमा करून घेतली नाही. मी रहाटणीत फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आलेली माणसं हॉल केवढा मोठा, वारा कसा खेळतो, याचं कौतुक करत होती आणि दाजी उकिडवे बसून बोटाच्या पेरानं एकेक फरशी वाजवत होते. पानं मांडायच्या आत त्यांनी तेवीस पोकळ फरश्या शोधल्या आणि त्यांच्यावर खडूनं फुल्या मारल्या. पंगत त्या फुल्या चुकवून बसली. माझं लग्न ठरलं तेव्हा बाकीच्यांनी मुलीची चौकशी केली, दाजींनी माझी केली. बैठक उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेव्हणे, तुमच्या सासऱ्यांनी तुमाला न तपासता घेतलं. चूक त्यांची हाय. आपन गप बसायचं."

असा माणूस तुसडा असणार असं ऐकणाऱ्याला वाटतं, पण दाजींच्या नापास करण्यात राग नसतो की खवचटपणा नसतो. जे आहे ते आहे, एवढंच. त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं छोटं वर्कशॉप टाकलं आणि दाजींच्याच कंपनीला माल पुरवायला घेतला. घरचाच माणूस दारात बसलाय म्हणून तो निवांत होता. पहिलाच टेम्पो दाजींनी परत पाठवला. चुलतभाऊ चार वर्षं बोलत नव्हता, दोन्ही घरांतलं सणासुदीचं ताट जाणं-येणं बंद झालं. जरा डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं, असं अक्कानं एकदा विचारून पाहिलं. दाजी शांतपणे म्हणाले, "त्यो काय, आज न्हाई उद्या बोलंल. गिअर तुटून घाटात गेल्याली मानसं न्हाई बोलायची." अक्कानं पुन्हा तो विषय काढला नाही आणि चुलतभाऊही पाचव्या वर्षी दिवाळीला आला.

आता भोसरी म्हणजे कुस्ती आणि कबड्डीचं गाव. तिथं पोरगं चालायच्या आधी मांडी ठोकायला शिकतं. अशा गावात जन्मून दाजी फुटबॉलच्या नादी कसे लागले, याचं गावाला अजून नवल वाटतं. झालं ते असं, की कंपन्या-कंपन्यांच्या एका स्पर्धेत रेषेवर झेंडा घेऊन उभा राहायला माणूस कमी पडला आणि दाजी तेवढे मोकळे सापडले. नव्वद मिनिटं उभं राहिल्यावर त्यांना साक्षात्कार झाला. "मेव्हणे, चेंडू रेषेच्या आत तरी असतो न्हाईतर बाहेर तरी. मधलं काय न्हाई. ह्यो आपला खेळ." पुढं कंपनीनं संघ बंद केला, पण खेळणाऱ्या पोरांनी आजूबाजूच्या वर्कशॉपमधली मंडळी जमवून स्वतःचा क्लब काढला आणि जिल्ह्याच्या लीगमध्ये खालच्या गटात नाव नोंदवलं. मैदान मिळालं ते एका फोर्जिंगच्या कारखान्याला चिकटून. गवताचं पातं नाही, आणि शेजारी घण पडला की गोलपोस्ट थरथरतो. त्या मैदानाच्या कडेच्या रेषेवर दाजी जे उभे राहिले ते अठरा वर्षं. हातात झेंडा नाही, अंगात कोचचा टी-शर्ट नाही, कागदोपत्री ते कुणीच नाहीत. तरीही क्लबचा सहायक कोच कोण असं कुणी विचारलं असतं, तर सगळी बोटं त्यांच्याकडंच गेली असती.

याचं कारण त्यांचा आवाज. प्रेस आणि लेथच्या गोंगाटात तयार झालेला गळा तो; मोकळ्या मैदानात त्याला कुणी अडवायलाच नव्हतं. "चार नंबर, जेवून आलाय का झोपून?" असं ते या टोकाला म्हणाले की त्या टोकाचा, म्हणजे विरुद्ध संघाचाही चार नंबर दचकायचा. एकदा आमचा बचाव फारच पुढं सरकला होता म्हणून दाजी जीव तोडून ओरडत होते, "मागं ये, अजून मागं, येऊ दे, येऊ दे." भिंतीपलीकडच्या कंपनीच्या गेटातून एक ट्रेलर मागं निघाला होता. ड्रायव्हरला वाटलं, चला, कुणीतरी भला माणूस बाजू सांगतोय. तो बिनधास्त मागं येत राहिला आणि त्यानं त्या कंपनीची पाण्याची टाकी आडवी केली. आम्हाला गोल बसला तो बसलाच. मी तेव्हा मारुंजीला भाड्यानं राहत होतो आणि रविवारी दाजींबरोबर मॅचला जायचो. असं काही झालं की मी रुमाल तोंडावर धरून, आपला या गृहस्थांशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं बसायचो. खोटं कशाला सांगू, मला त्या आवाजाची लाज वाटायची.

आमच्या क्लबचे चाहते हा आणखी एक प्रकार. लीगच्या मॅचेस रविवारी, आणि आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्यामुळं अख्खी मॅच बघणारा चाहता औषधालाही सापडत नाही. अडीचला मॅच सुरू होते तेव्हा सेकंड शिफ्टवाले डबा घेऊन हजर असतात, आणि मध्यंतराची शिट्टी वाजली की कामावर पळतात. फर्स्ट शिफ्टवाले साडेतीनला सुटून, युनिफॉर्मवरच, दुसरा हाफ सुरू झाल्यावर धापा टाकत येतात. मध्ये दुवा एकच, दाजी. शिफ्ट बदलताना जसा चार्ज देतात तसा ते आलेल्या मंडळींना मॅचचा चार्ज द्यायचे. "एक गोल खाल्लाय, बाराव्या मिनिटाला, चूक सहा नंबरची. दहा नंबरचा पाय दुखतोय, त्याला शिव्या द्यायच्या न्हाईत. रेफ्री बरा हाय." एवढं ऐकून मंडळी कामाला लागल्यासारखी ओरडायला लागायची.

तर गेल्या वर्षी क्लबच्या ग्रुपवर मेसेज आला की नवीन सहायक कोच येत आहेत. मुख्य कोच एका शाळेत पीटीचे सर आहेत. त्यांचे गुडघे बोलायला लागले होते आणि मदतीला कुणीतरी हवंच होतं. येणाऱ्या बाई कोल्हापूरच्या, राज्याकडून खेळलेल्या, कोचिंगचं रीतसर लायसन घेतलेल्या. ग्रुपवर एकदम गलका झाला. कोल्हापूरची म्हणजे फुटबॉल रक्तातच, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं विचारलं की कोल्हापूर सोडून इथं धुरात कशाला येतायत. तिसऱ्यानं, पोरं बाईमाणसाचं ऐकतील का अशी शंका काढली, तेव्हा चौथ्यानं त्याला, तू घरी कुणाचं ऐकतोस ते आधी सांग, असं लिहून गप्प केलं. आणि मग कुणीतरी लिहिलं, "मग आता दाजी कोण?" त्यावर दाजींनी नुसता नमस्काराचा इमोजी टाकला. पाच मिनिटांनी मला फोन. "मेव्हणे, रविवारी या. नवीन माल आलाय. बघून घिऊ." आवाज नेहमीचाच होता, पण नेहमी फोन ठेवायची घाई असणारे दाजी, ऊन किती आहे, पोरांच्या परीक्षा कधी आहेत, असं उगाचच विचारत राहिले.

मॅडम आल्या. सावळ्या, काटक, डोक्याला टोपी, वय तिशीच्या आतबाहेर. कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणं स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं बोलणाऱ्या. पण मुळात बोलणंच कमी. रेषेवर हात मागं बांधून उभ्या राहायच्या, मध्येच एखाद्याला जवळ बोलावून दोन शब्द सांगायच्या की पुन्हा गप्प. त्यांच्यापासून सात-आठ पावलांवर दाजी. एका रेषेवर एकीकडं हे आणि दुसरीकडं त्या. चाहत्यांना मॅच सोडून हेच बघायची गोडी लागली. सेकंड शिफ्टवाल्यांचं म्हणणं पडलं की पहिल्या हाफमध्ये बाई सगळे मिळून अकरा शब्द बोलल्या. फर्स्ट शिफ्टवाल्यांनी चार्ज घेताना आधी तेच विचारलं. "आवाज न्हाई," दाजींनी निकाल दिला. "शिट्टी न्हाई, हातवारे न्हाईत. कोच हाय का पाहुनी, कळंना." ती मॅच आम्ही हरलो, पुढचीही हरलो. ग्रुपवर मॅडमना परत पाठवायची भाषा सुरू झाली. दाजी त्यात पडले नाहीत, एवढं मात्र सांगायला हवं.

गुरुवारी सराव असतो. दाजी सरावालाही जातात, आणि मी त्या दिवशी अक्काचा डबा पोचवायला गेलो होतो. मॅडम स्वतः चालत दाजींजवळ आल्या. "दाजी, एक इचारू का? तुमी चार नंबरला मागं बोलवतासा. मी त्याला फुडं जा म्हणून सांगितल्यालं असतंय. त्यो पोरगा मधीच उभारतोय."

"मग त्यानं कुनाचं ऐकायचं?" दाजी म्हणाले.

"तेच इचारायला आलोय वो मी."

मला वाटलं, आता ठिणगी पडणार. दाजींनी हातातली बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, "मशीनचा बिघाड घावंना की आमी एकच गोष्ट बदलतो. बाकी सगळं हाय तसं. मग निघालेला माल बघायचा. या रविवारी मी बोलनार न्हाई. मैदानात पाय ठेवल्यापासनं शेवटच्या शिट्टीपत्तर तोंड बंद. हारलो तर तुमी पुन्हा माझ्या आवाजाचं नाव काढायचं न्हाई."

"आनि जिंकलो तर?"

"जिंकलो तर मला कुनी सांगायची गरज न्हाई," दाजी म्हणाले. घरी येताना गाडीवर मागं बसून ते एवढंच बोलले की समोरचा संघ गटात पहिला आहे, त्यामुळं ट्रायलला तसा अर्थ नाही. त्यांना भीती वाटत होती. अठरा वर्षं आपण जे केलं त्याचा उपयोग होता की नव्हता, हे तपासायची वेळ त्यांनी स्वतःच स्वतःवर आणली होती, आणि तपासणीत लबाडी करायची तर त्यांना माहितीच नव्हती. काही चाहत्यांनी सुचवलं की दाजी, तुम्ही नुसतं हळू सांगा, आम्ही मोठ्यानं ओरडतो. दाजींनी त्यांना झापलं. मग ट्रायल कसली, म्हणाले.

रविवारी अक्कानं त्यांना तोंडात ठेवायला खडीसाखर दिली. ते नेहमीच्या जागी उभे राहिले आणि त्यांचं गप्प राहणं बघवेना. मानेच्या शिरा फुगायच्या, हात अर्ध्यापर्यंत वर जायचा आणि दुसरा हात त्याला खाली ओढायचा. चार नंबर पुढं निघाला की यांचा पाय मागं. पहिल्या दहा मिनिटांत चार नंबरनं दोनदा वळून रेषेकडं बघितलं, तेव्हा दाजी आभाळाकडं बघत उभे. मग त्यानं बघणं सोडून दिलं आणि तो सरळ पुढं घुसायला लागला. विसाव्या मिनिटाला त्यानंच दिलेल्या चेंडूवर पहिला गोल झाला, आणि मध्यंतराच्या आत दुसरा. सेकंड शिफ्टवाले रडकुंडीला आले. असली मॅच टाकून कामावर जायचं म्हणजे काय. ते कसेबसे गेले आणि फर्स्ट शिफ्टवाले आले, नेहमीसारखे चार्ज घ्यायला दाजींभोवती जमले. दाजींनी बोलायचं नव्हतं. त्यांनी दोन बोटं दाखवली. चेहरा तर सुतकात असल्यासारखा. मंडळींना वाटलं, दोन खाल्ले. एकानं दाजींच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्यानं मॅडमचा उद्धार सुरू केला, तिसऱ्यानं ग्रुपवर 'संपलं सगळं' असं टाकूनही दिलं. कारखान्यात लाइनवर उभ्या असलेल्या सेकंड शिफ्टनं तो मेसेज वाचून तिकडं कपाळाला हात लावला. मी पळत जाऊन खुलासा करीपर्यंत तिसरा गोल झाला होता, आणि आता नाचायचं की नाही हे त्या बिचाऱ्यांना कळत नव्हतं.

तीन शून्य. इतक्या वर्षांत क्लबनं असा विजय बघितला नव्हता. शेवटची शिट्टी वाजल्यावर पोरं धावत आली, मॅडमना आणि मग दाजींनाही त्यांनी मिठ्या मारल्या. गोलकीपर घामाघूम, आनंदात, मनात काही न ठेवता म्हणाला, "दाजी, आज पयल्यांदा मला माझाच आवाज ऐकू आला राव." सगळे हसले. दाजीही हसले. त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि खडीसाखरेचा राहिलेला खडा थुंकून टाकला.

घरी जमलेले चाहते समजूत घालत होते की एका मॅचवरून काय ठरतं, दैवानं झालं असेल. दाजींनी मान हलवली. "बराबर. एका नगावरनं ठरत न्हाई. सलग तीन बघायचे." मग ते आणखी दोन रविवार गप्प राहिले. एक जिंकलो, एक बरोबरीत सुटली, तीही ज्यांच्याकडून दर वर्षी मार खातो त्यांच्याशी. तिसऱ्या मॅचनंतर दाजी कपडे झटकून मॅडमकडं गेले. मी बरोबर होतो. "मॅडम, दोष आवाजात होता," ते म्हणाले. "माझ्या. तुमी पास."

मॅडम कावऱ्याबावऱ्या झाल्या. "असं काय वो दाजी. तुमी हितंच उभारा की. नुसतं बोलू नका, झालं."

"ते जमायचं न्हाई. हितं उभं राहिलं की तोंड उघडतंच."

आणि पुढच्या रविवारपासून ते समोरच्या बाजूला, भिंतीलगतच्या सिमेंटच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. रेषेपासून लांब. लाल टॅग लावताना जो हात चुलतभावासाठी थरथरला नाही, तो स्वतःसाठीही थरथरला नाही. चाहत्यांना हे फार मोठेपणाचं वाटलं. एकानं ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो टाकला, तो बघून चौघांनी घाबरून अक्काला फोन केले. अक्का मला म्हणाली, "अरे, यांचं काहीतरी बिनसलंय. भाकरी कशी झाली विचारलं तर चांगली झाली म्हणतात. पस्तीस वर्षांत असं बोलले नव्हते. डॉक्टरला दाखवू का?"

क्लब आता वरच्या गटात जायच्या बेतात आहे. मॅडमच्या नावानं चाहते घोषणा देतात, आणि पहिली घोषणा कुठल्या शिफ्टनं काढली यावरून त्यांची भांडणं होतात. मागच्या रविवारी मी दाजींशेजारी पायरीवर बसलो होतो. आम्ही एका गोलनं पुढं होतो. मॅडम बदली खेळाडूला काही सांगण्यात गुंतल्या होत्या आणि समोरच्या संघातला एक जण आमच्या बचावामागं मोकळा पळत सुटला. दाजींनी ते बघितलं. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आवळला, पण तोंडातून शब्द नाही. मी संगणकासमोर बसून पोट भरणारा माणूस, शेजाऱ्याला हाक मारायची झाली तरी फोन करतो. त्या क्षणी मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभा राहिलो आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "चार नंबर, डावीकडं बघ." माझा आवाज पुढच्या पायरीवरच्या माणसापर्यंत पोचला. तो डावीकडं बघायला लागला.

दाजींनी माझी बाही धरून मला खाली ओढलं. "बसा, मेव्हणे. उजवीकडं हुतं ते." तोवर चार नंबर आपणहून परतला होता आणि त्यानं चेंडू बाहेर काढलाही होता.

"दाजी," मी म्हणालो, "एकदा ओरडा की तुम्ही. एकदाच. मॅडमना मी सांगतो काय ते." मी गमतीनं बोलायला गेलो, पण ती गंमत नव्हती. ज्या आवाजापायी मी वर्षानुवर्षं रुमालाआड तोंड लपवलं, तो कानावर पडावा म्हणून माझा जीव कासावीस झाला होता.

"नगं," दाजी म्हणाले. "पोरं जिंकत्यात." मग माझ्याकडं न बघता त्यांनी हळूच विचारलं, "चांगलं चाललंय न्हवं?"

मी म्हणालो, "हो दाजी, चांगलं चाललंय." त्यांनी मान डोलावली आणि हात पुन्हा माझ्या गुडघ्यावर ठेवला. उरलेली वीस मिनिटं त्यांनी माझा गुडघा सोडला नाही, आणि मीही पाय हलवला नाही.